माही सही

समता कॉलोनीतल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी तिशीतली एक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. एका हातानं सुजलेल्या गालावर रुमाल दाबायची, दुसऱ्या हातानं बटणं अशी बडवायची की दाताची कळ जास्त की डोक्यातला राग, ते कळत नव्हतं. फोन स्पीकरवर होता; पलीकडे तिच्या कामातला कोणी पोरगा.

"दीदी, सब सही है। आज ही निकाल दो ना।"

"तुहं सही ठेव तुह्यापाशी. खाली माही सही लागते. तू पाठवलेली फाईल अन् त्याच कोडवरून मी बनवलेली जुळूनच नाही राहिली, तर सही कशावर करू?"

तिनं फोन कापला आणि धुसफुसत मला सांगितलं. देवनागरी टाइप करायचं सॉफ्टवेअर, सगळ्यांना फुकट. आज त्याची नवी आवृत्ती निघायची होती; पण दोन फाईली जुळत नाहीत, म्हणजे मधे कुणी काही घुसवलेलं असू शकतं. तिची डिजिटल सही दिसली की लोक डोळे मिटून ते आपल्या कॉम्प्युटरवर टाकतात.

मी समजुतीनं म्हटलं, "फुकटच तर आहे. काहून एवढं डोकं तापवता?"

रुमाल गालावरून खाली आला. "पाणपोईचं पाणीही फुकटच असते, काका. म्हणून माठात नालीचं भरावं काय?"

फोन पुन्हा वाजला. पलीकडच्याला मराठी नीट कळत नसावी, म्हणून या वेळी ती त्याच्या हिंदीत, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"सही नहीं है।"

मी घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारा माणूस. दोन्ही भाषांत ते खरं होतं.