आंबागडचा उतार

तुमसरचे नंदलाल सायकलवर लुगड्यांचा गठ्ठा बांधून सिहोऱ्याच्या बाजाराला जायचे. लकव्यानं उजवं अंग गेलं आणि ते खाटेला खिळले. घरचं लुगड्यांचं दुकान करुणाबाई, त्यांची बायको, बघू लागली. तिची शुगर वाढली तेव्हा शेजारच्या रीतानं तिला गावातल्या सायकल क्लबात नेलं, स्वतःची जुनी सायकलही दिली. शाळा सुटल्यापासून करुणाबाई सायकलवर बसली नव्हती. नवऱ्याला ती "देवळात जाऊन येतो" एवढंच सांगे.

एका रविवारी क्लब आंबागडला गेला. उतारावर वारा अंगावर आला आणि करुणाबाई पोरीसारखी खिदळली. घरी नवरा आहे, हेच तेवढ्यात ती विसरली.

परतायला उशीर झाला. नंदलाल ओल्या चादरीवर तसेच पडून होते. चादर बदलताना तिला राहवलं नाही.

"मी देवळात नव्हती गेली. सायकल परत शिकून राहिली."

"मंग सांगतलं काहून नाही?" जड जिभेनं त्यांनी विचारलं.

"तुमाले वाईट वाटन म्हणून."

"पडली का?"

"पडली."

"सायकलची गादी खाली करून घे. पाय टेकले पायजेत."

पुढच्या रविवारी रीताच्या आईला नंदलालजवळ बसवून ती निघाली. गादी खाली केली होती. तरी आंबागडचा उतार यायच्या आतच तिला ती ओली चादर आठवली आणि तिनं सायकल माघारी वळवली. क्लबातल्या लोकांना म्हणाली, दम लागला.