नुसता दम द्या

आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत पोलीस दारात येणं म्हणजे फार काही नव्हतं. रीतच होती ती. कुणाचा मुलगा शाळा बुडवतो, कुणाचा नवरा पिऊन राडा करतो, कुणाचा जावई मुलीला नांदवत नाही, की ओळखीतला एखादा हवालदार गाठायचा आणि सांगायचं, मारू नका, काही लिहू नका, नुसता दम द्या. हवालदार युनिफॉर्ममध्ये यायचा, दारातच आवाज चढवायचा, मग आत बसून चहा प्यायचा. पुढचे दोन-तीन महिने घर शांत. गिरणी बंद पडल्यावर माझ्या वडिलांनी बाटली धरली, तेव्हा त्यांनाही आईने असाच दम देववला होता. ते पुढे हसत सांगायचे सगळ्यांना. त्यामुळे दम म्हणजे आमच्या लेखी घरगुती औषध होतं, काढ्यासारखं.

मी आरोग्यसेविका. गोवंडीला एका दवाखान्यात टीबीच्या गोळ्यांचं काम बघते, वही घेऊन घरोघरी खोकल्याचे पेशंट शोधते. तोंडाची मी फटकळ आहे, ते सगळी चाळ सांगेल. पण पेशंटवर मी कधी आवाज चढवला नाही. पहिल्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरबाईंनी एक गोष्ट डोक्यात घातली होती: इथे आलेला माणूस घाबरून परत जाता कामा नये, कारण परत गेलेला माणूस घरी जाऊन बरा होत नाही. पुलाखाली झोपणारा एक गर्दुल्ला होता. अंगाला वास, दोन दिवस आला की चार दिवस गायब. त्याला मी शोधून आणायची, आधी चहा-वडापाव द्यायची, मग गोळ्या. नशा का करतोस, असं एकदाही विचारलं नाही. त्याने कोर्स पूर्ण केला. आता कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडजवळ भंगाराच्या दुकानात बसतो, मी दिसले की हात वर करतो. त्याचं मला फार कौतुक. स्वतःचंही होतं, खोटं कशाला बोलू.

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता, म्हणजे त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. मोठेपणी अंधेरीला विमानतळाच्या कार्गोमध्ये लागला. गळ्यातला पास घरी आल्यावरही काढायचा नाही, आई म्हणायची, मेल्या, आंघोळीला तरी काढ. त्या पाससाठी पोलिसांचा दाखला लागायचा, नावावर एकही केस नाही असा. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे कित्येक दिवस मला काही कल्पनाच नव्हती, असं मी सगळ्यांना सांगत फिरले.

एका रविवारी कपडे भिजवताना त्याच्या पँटच्या खिशात पुडी सापडली. वास ओळखायला मला कुणी शिकवायला नको. पुडी त्याच्यापुढे आपटली. तो काही नाकबूल झाला नाही. म्हणाला, शिफ्ट सारखी बदलते, झोपच येत नाही, डोकं चालूच राहतं. दोन दम मारले की थांबतं जरा. आधी सुट्टीच्या दिवशी घ्यायचो, आता रोज लागतं. आणि मग त्याने मला विचारलं, तुझ्या ओळखीत कुणी डॉक्टर आहे का गं, हे सुटायला?

विचारलं होतं त्याने. माझ्या दवाखान्यात कुणी परक्याने येऊन हे विचारलं असतं, तर मी त्याला स्टूल दिलं असतं, पाणी दिलं असतं. भावाला मी काय दिलं, तर शिव्या. डॉक्टर कसला हवाय तुला, थोबाडीत हवीय. वडिलांनी बाटलीपायी घराची वाट लावली, आता तू लाव. आई कोपऱ्यात डोळे पुसत होती. महाशिवरात्रीला देवळात मिळणारी भांगेची थंडाई तीच बाई अर्धा पेला पिऊन दुपारभर हसत बसायची, आम्हाला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. पण गांजा म्हटल्यावर तिच्या लेखी पोरगा हातचा गेला. तो घराबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "मामाक सांग गो बाय. तेका वायच दम देवक व्हयो."

मामा म्हणजे आईच्या गावचे हवालदार. नात्याने काही नाही, पण गणपतीला दरवर्षी यायचे, आम्ही मामाच म्हणायचो. मी त्यांना फोन केला. म्हटलं, मारू नका, लिहू नका, नुसता दम द्या. कुठे सापडेल, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शनिवारी चार वाजता, पाण्याच्या टाकीजवळ, मित्रांबरोबर तिथेच बसतो. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. काहीतरी केलं एकदाचं.

त्या शनिवारी मामांनी दोन शिपाई पाठवले, घाबरवून आणा म्हणून. पण चौकीत नवे साहेब आले होते, गांजावाल्यांना पकडायची मोहीम चालू होती, आणि भावाच्या खिशात पुडी होती. शिपायांनी त्याला आणून उभा केला तो थेट साहेबांसमोर. हॉस्पिटलात नेऊन तपासणी झाली, कागद झाले, केस झाली. मामा संध्याकाळी आमच्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. आईने चहा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. म्हणाले, बाय, माझ्या हातात राहिलं नाही.

कोर्टात वकील म्हणाला, कबूल कर, दंड भर, मोकळा हो. भावाने कबूल केलं. मोकळा झाला तो असा की महिनाभरात पास गेला, आणि पासबरोबर नोकरी. चौकीत कुणीतरी त्याला हसत सांगितलं होतं की पत्ता घरूनच आला. घरी येऊन त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मीही तोंड वाजवलं असतं आणि संपलं असतं. त्याने जेवता जेवता एवढंच विचारलं, "टाकीजवळ, चार वाजता. तूच सांगितलंस ना?"

तुझ्या भल्यासाठी, असं काहीतरी मी म्हटलं. त्याने मान हलवली, ताट उचललं, धुऊन पालथं घातलं. आठवडाभरात कुर्ल्याला मित्रांच्या खोलीवर राहायला गेला. तिथेच एका गोडाऊनमध्ये माल चढवायचं काम मिळालं. गांजा सुटला नाहीच. मित्राने पुढे सांगितलं, वाढला होता.

वर्षाने आमचं एक ट्रेनिंग होतं. नशामुक्तीचं काम करणारी एक डॉक्टर आली होती, माझ्याहून लहान. ती म्हणाली, विकणारा वेगळा आणि ओढणारा वेगळा. ओढणाऱ्याला पेशंट समजा. कायद्यातसुद्धा त्याच्यासाठी वाट ठेवलेली आहे, त्याने स्वतःहून उपचार मागितले तर त्याला सरकारी हॉस्पिटलात पाठवता येतं. पण ही वाट त्याला सांगणार कोण? घरचे त्याला आधी पोलिसाकडे नेतात, असं ती म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. गांजाने काही होत नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही, डोकी फिरलेली पोरं मी पाहिली आहेत. पण टीबी झालेल्याला आपण दम देतो का? मग त्यालाच का दिला?

त्याला फोन करून हे सांगावं असं रोज वाटायचं. कुठल्या तोंडाने सांगणार, म्हणून राहिलं.

पुढच्या गणपतीला तो आला. बारीक झाला होता. आरतीत दोनदा खोकत बाहेर गेला. मी विचारलं, खोकला कधीपासून आहे रे? तो म्हणाला, गोडाऊनची धूळ. आणि हसून म्हणाला, झालं, आता काढ तुझी वही. एरवी मी त्याला कानाला धरून एक्स-रेला नेला असता. पण वाटलं, जास्त बोलले तर हा पुन्हा यायचाच नाही. जन्मात पहिल्यांदा मी तोंड आवरलं, तेही नको तिथे. प्रसाद घेऊन तो दुसऱ्या आरतीच्या आधीच निघाला.

नंतर एकदम त्याच्या मित्राचाच फोन आला. रक्ताची उलटी झाली होती, हॉस्पिटलात आणला होता. मी पोचले तेव्हा नाकाला ऑक्सिजन. एक्स-रे मला वाचता येतो, दोन्हीकडे काही उरलं नव्हतं. इतके महिने कुठे होता हा, असं डॉक्टरने मला विचारलं, मी काय काम करते ते त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दुपारी तो जागा झाला. मी त्याला म्हटलं, बोलू नकोस, दम लागतोय तुला. म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली, हाच शब्द यायचा होता तोंडात. तो थांबत थांबत बोलला.

"आलो होतो गं मी. तुझ्या दवाखान्यात. गणपतीनंतर."

मग आत का नाही आलास, मी विचारलं.

"गेटवर हवालदार उभा होता."

मला आठवला तो हवालदार. माझाच पेशंट. टीबीच्या गोळ्या न्यायला यायचा, आत बसायला लाजायचा म्हणून गेटवर थांबायचा, मी बाहेर जाऊन त्याच्या हातात पाकीट द्यायची. हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, तू त्याला बोलावलंस असं नाही वाटलं मला, खरंच. पण पाय उलटे फिरले. मी त्याचा हात धरून बसले. माफ कर म्हणायचं होतं, पण तो झोपला. चौथ्या दिवशी गेला.

घरात टीबीचा पेशंट दगावला की घरच्यांची तपासणी करायला आमच्यासारखीच कुणीतरी येते. तेराव्यानंतर आमच्याकडेही आली, कोवळी मुलगी, नवी लागलेली. आईला विचारलं, मला विचारलं, खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झालंय का. उत्तरं मी प्रश्नाच्या आधी देत होते. शेवटचा रकाना होता, उपचारास उशीर होण्याचं कारण. तिने आम्हाला न विचारताच लिहिलं, माहितीचा अभाव. तिचं काही चुकलं नाही. आम्ही सगळ्याजणी तेच लिहितो, मीही वर्षानुवर्षं तेच लिहीत आले.

मी म्हटलं, "ते खोड. त्याची बहीण हेच काम करते. त्याला सगळी माहिती होती."

ती गोंधळली. पेन उचलून म्हणाली, मग काय लिहू, ताई?

आई आत भांडी घासत होती. मी हळू आवाजात म्हटलं, "लिही, घरच्यांनी दम दिला होता."

एवढं बसणार नाही हो रकान्यात, असं ती म्हणाली. मग मीच तिच्या हातातून पेन घेतलं.