पितृपक्षातला कुत्रा

दोन हजार सालाच्या आसपास आम्ही चार-पाच जणांनी गंगापूर रोडच्या पुढे, एका फुलशेतीवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी आसरा काढला. नियम एकच. बरं होण्यासारखं जनावर इंजेक्शन देऊन मारायचं नाही. झालं! गावभर बातमी पसरली की इथे कुत्रं कायमचं ठेवून घेतात.

कारणं तरी काय एकेक! 'वास्तूला चालत नाही.' 'सूनबाईंना दिवस गेलेत.' 'आणलं तेव्हा एवढंसं होतं हो!' अरे देवा, पिल्लू एवढंसंच असतं! जागा नाही म्हणून परत पाठवलं, की हीच मंडळी गहिवरून म्हणायची, "मग इंजेक्शन तरी द्या, रस्त्यावर हाल नकोत त्याचे." केवढी ती माया!

असेच सातपूरला वर्कशॉप असलेले एक गृहस्थ वडिलांचा म्हातारा काळा कुत्रा घेऊन आले. वडिलांचं वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं. म्हणजे वर्षभर लोकलाजेस्तव सांभाळला असणार. "आता बाबाच नाहीत, तर याचं काय करायचं?" मला विचारत होते! मी दात-ओठ खात कुत्रा ठेवून घेतला.

त्यानं मात्र अन्न सोडलं. दूध-भात, अंडं, मटणाचं पाणी, काही म्हणजे काही नाही. फाटकाकडे तोंड करून पडून राहायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ताई, आता हा उठत नाही. उद्या शांतपणे सोडवू या." आमचा नियमही आड येत नव्हता. रात्रभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या आधी फाटकाशी एक व्हॅन आली. पितृपक्ष चालू होता ना! श्राद्धाचा घास गाईला, कावळ्याला आणि कुत्र्याला घालायचा असतो, आणि फ्लॅटवाल्यांना कुत्रा मिळणार कुठे? तेव्हा पक्ष लागला की आमच्याकडे कुत्रे टाकून गेलेलीच मंडळी पान वाढून घेऊन यायची. लाजलज्जा बिलकूल नाही.

सातपूरचे तेच गृहस्थ होते, सोबत बायको. हातातल्या पानात वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. त्यांचा आवाज ऐकताच म्हातारा लटपटत उठला आणि बाईंनी पान ठेवताच जेवला. चाटूनपुसून जेवला! माझ्या डोळ्यांना धार लागली. गृहस्थांनी हात जोडले. "बाबा जेवले. तृप्त झाले."

माझं डोकंच फिरलं. "बाबा जेवले ना? मग बाबांना घरी घेऊन जा की!"

"तसं नसतं हो मॅडम," ते समजुतीनं म्हणाले, "ते आपलं प्रतीकात्मक असतं."

एवढ्यात कुत्रा आपला व्हॅनच्या उघड्या दारातून आत चढून बसला. गृहस्थ धावले. "ए, उतर! उतर खाली!" त्यांनी पट्टा धरून खेचायला सुरुवात केली.

त्यांच्या बायकोनं त्यांचा हात धरला.

"ओढू नका हो त्यांना. माझे सासरे आहेत ते."

आणि पदर सावरून ती मागच्या सीटवर त्याच्या शेजारी जाऊन बसली.