आधी मिडवाइफला फोन, मग नवऱ्याला

पहिली गोष्ट खटकली ती अगदीच छोटी होती. डॉक्टरने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला!

मी दचकलेच. तशी मी कशानेही दचकते, टोस्टरमधून टोस्ट वर आला तरी. पण "पॉझिटिव्ह आहे" असं सांगून पुण्यात कुठली डॉक्टर शेकहँड करते? तिकडे लगेच फाइल उघडतात, गोळ्या लिहून देतात, "पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या" म्हणतात. इथे ही हसरी बाई उठून उभीच राहिली. म्हणाली, "स्वीट ॲज!" म्हणजे आपलं झकास! "आता छानशी मिडवाइफ शोध. चांगल्या लवकर संपतात, बरं का!"

संपतात? म्हणजे काय, हापूसच्या पेट्या आहेत?

"मग तुम्ही काय करणार?" मी दारातून विचारलं.

"मी? मी सर्दी-खोकला बघते! नऊ महिने तुला मिडवाइफच बघणार!"

घरी आले. समीर, म्हणजे माझा नवरा, सोडून कुणालाही काही सांगितलं नाही. मिडवाइफलाही नाही. का, ते पुढे येईलच.

ऑकलंडमधल्या आमच्या मराठी बायकांच्या कंपूत बाळंतपणाचे किस्से इतके साठलेत की एक काढायला गेलं तर ओल्या पापडांसारखे चार चिकटून बाहेर येतात. हिल्सबरोला वैजूताईंच्या घरी रविवारी दुपारी आम्ही जमतो. वैजूताई आमच्यात सगळ्यात आधी इथे आलेल्या, दोन मुलांच्या आई. शिल्पा आणि केतकी एकेका मुलाच्या. आणि मी, कुणाचीच नाही. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून हे सगळे किस्से मी पोटात गुपित ठेवून ऐकत होते, त्यामुळे जिथे बाकीच्या खो-खो हसायच्या तिथे मी चहाच्या कपात डोकं घालून बसायची.

* * *

वैजूताईंच्या पहिल्या वेळी त्यांची आई साताऱ्याहून आली. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, सुंठ, आणि मोठी पिशवी भरून आळीव. विमानतळावर तपासणीवाल्याने पिशवी वर धरली. तोपर्यंत वैजूताईंना दुभाषी म्हणून आत बोलावलं होतं, नवव्या महिन्यातलं पोट घेऊन.

"या बिया आहेत का?"

"हो."

"रुजतात का?"

आता इथे कुठलीही शहाणी मुलगी "नाही" म्हणाली असती. वैजूताई पडल्या सरळमार्गी. त्यांनी आईला विचारलं. आईचा चेहरा उजळला. "अगं, सांग त्याला! रात्री भिजत घातले तर सकाळी मोड! असा माल पुण्या-मुंबईत मिळायचा नाही!"

पिशवी जप्त.

माउली तिथेच खुर्चीवर बसली. "आता हिला दूध कसं येणार?" वैजूताईंनी हेही इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. तपासणीवाला लालेलाल झाला. मग हळूच म्हणाला, "माझीही बायको बाळंतीण आहे. याला काय म्हणतात?" नाव कळल्यावर म्हणतो कसा, "अहो, हे तर आमच्या सुपरमार्केटात मिळतं! सॅलडच्या शेजारी, छोट्या डबीत उगवलेलं!"

आई चार महिने राहिली. रोज त्या डबीकडे बघायची आणि म्हणायची, "बाळंतिणीच्या बियांचा पाला करून खातात गं हे लोक!"

* * *

शिल्पाच्या मुलाचा जन्म झाला आणि अर्ध्या तासात तिच्या हातात चहाचा मग आणि बटर लावलेला टोस्ट आला. इथल्या हॉस्पिटलांत तो रिवाजच आहे. शिल्पा सांगते की जन्मात इतकं चविष्ट काही खाल्लं नाही. तेवढ्यात मुंबईहून सासूबाईंचा फोन.

"काही गरम दिलं का गं?"

"हो आई, टोस्ट."

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "तुला ताप आहे का?"

शिल्पाची मिडवाइफ मेरेआना नावाची माओरी बाई. आमच्या कंपूतली लाडकी. वैजूताईंचं दुसरं, शिल्पाचं आणि केतकीचं, सगळी तिच्याच हातची. बाळंतपणानंतर ती घरी तपासायला यायची. जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, दाराबाहेर काढून सरळ जमिनीवर मांडी घालून बसायची. एकदा आली तेव्हा शिल्पाने टीव्ही बंद, पडदे बंद, कान बांधलेले, मोजे, वर शाल, अशा अवतारात दार उघडलं. मेरेआनाने वरपासून खालपर्यंत बघितलं. शिल्पाला वाटलं, आता ही लेक्चर देणार. ती म्हणाली, "शाबास! आमच्या आजीनेही हेच सांगितलं असतं. आणि मी ऐकलं नसतं!"

* * *

मी पेनरोजला एका मालाच्या डेपोत ऑफिसचं काम करते. तिथली सुपरवायझर डोना चाळिशीला टेकलेली. एक दिवस ती तान्हं बाळ कडेवर घेऊन आली आणि फोर्कलिफ्ट चालवणारे दांडगे पुरुष एकामागून एक हात धुऊन त्याला घ्यायला लागले. मी बघतच राहिले.

पेपरात तेव्हा सारखं यायचं की या देशात बायका उशिरा आई होतात, काही होतच नाहीत. डोना म्हणायची, "माझ्या शाळेतल्या मैत्रिणींपैकी ढीगभर जणी मांजरं पाळतात. मलाही मांजरच हवं होतं. ही आली!"

मी विचारलं, "नवऱ्याला आनंद झाला असेल ना?"

"नवरा नाही, पार्टनर. लग्न करू की! ही फुलांची टोपली घेऊन चालायला लागली की करू."

हे मी आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं ती देवाचं नाव घेईल. ती म्हणाली, "सोय आहे हो. तुझ्या लग्नात करवली शोधायला मला किती फिरावं लागलं!"

मग आवाज बदलून, "तुझं काय गं? काही विशेष?"

"काही नाही," मी म्हटलं. तेव्हा मला दुसरा लागला होता आणि समोरच्या डब्यातल्या भेंडीचा वास सहन होत नव्हता.

* * *

केतकीचा किस्सा सांगताना वैजूताई नेहमी मुलांना बाहेर पाठवतात. कारण त्यात त्यांचा मुलगा आहे.

केतकीला मुलगी झाली, तेव्हा मेरेआनाने विचारलं, "वार घरी नेणार ना?" तिच्या लोकांत बाळाची वार, म्हणजे प्लासेंटा, जमिनीत पुरतात, म्हणजे बाळ त्या मातीचं होतं. केतकी आणि तिचा नवरा नितीन एकमेकांकडे बघत राहिले. पण केतकीची आई, जिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, ती मेरेआनाच्या हातवाऱ्यांवरूनच समजली. "अगं, आमच्याकडेही पुरायचे! तुझ्या मामाची मी स्वतः बघितली होती पुरताना!" आणि त्या दोघी बायका एकमेकींचे हात धरून, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, बराच वेळ बोलत बसल्या.

आता प्रश्न, पुरायची कुठे? घर भाड्याचं. अंगणातली माती घरमालकाची. नितीन म्हणाला, "विचार करू." आणि विचार होईपर्यंत ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवली.

बारशाला वैजूताईंचा मुलगा फ्रीझर उघडून ओरडला, "मम, कॅन आय हॅव सम?"

नितीन हॉलमधून असा धावला की पाळण्याची दोरी ओढणारी आत्या बाजूला पडली!

शेवटी मोठी कुंडी आणली, तिच्या मातीत वार पुरली आणि वर लिंबाचं रोप लावलं. पुढे दोनदा घर बदललं. आता ते स्वतःच्या घरात राहतात. दर वेळी सामानाचा ट्रक आला की कुंडी आधी, फ्रिज नंतर. नव्या घरी नितीनने अंगणात खड्डा खणला, रोप उतरवलं, आणि उन्हात खूप वेळ तसाच उभा राहिला. केतकीने हाक मारली, "अरे, चहा!" तर तो म्हणाला, "थांब. एवढी वर्षं हिला कडेवर घेऊन फिरलो ना."

या शेवटाला कुणी हसत नाही. मी तर उठून बाथरूममध्येच गेले.

* * *

का, ते आता सांगते.

लग्नानंतरच्या वर्षी, पुण्यात असताना, मला दिवस गेले होते. आम्ही खुळ्यासारखे सगळ्यांना सांगून बसलो. सासूबाईंनी शेजारी पेढे वाटले. मग ते राहिलं नाही. झालं ते झालं, पण पेढे परत घेता येत नाहीत ना! महिनोन्महिने कुणी ना कुणी जिन्यात भेटायचं आणि हसून विचारायचं, "कितवा लागला?" आणि प्रत्येक वेळी मला सांगावं लागायचं. मीच त्यांची समजूत घालायची.

म्हणून या वेळी ठरवलं. तिसरा संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. आपल्याकडे तसंच असतं म्हणून सगळं फार सोपं होतं. समीर अधूनमधून म्हणायचा, "अगं, डॉक्टर म्हणाली होती ना मिडवाइफचं?" मी म्हणायची, "नको. एकदा सांगितलं की सांगितलं."

जूनमधल्या एका रविवारी, तिसरा पूर्ण झाल्यावर, मी वैजूताईंच्या घरी हीटरजवळ बसून एकदाचं सांगितलं. काय तो कल्ला! शिल्पा रडायला लागली, केतकीने साखर आणून तोंडात कोंबली. वैजूताईंनी गालावरून हात फिरवत विचारलं, "तारीख?"

"ख्रिसमसच्या आसपास."

"आणि मिडवाइफ कोण?"

"अजून नाही कुणी. आता शोधणार."

शिल्पाने डोळे पुसायचे थांबवले.

"अगं अनू!" वैजूताई ओरडल्या. "इथे दोन रेघा दिसल्या की आधी मिडवाइफला फोन, मग नवऱ्याला! ख्रिसमसला इथे उन्हाळा, अख्खा देश बीचवर जातो. त्या बायका पण जातात!"

सोमवारपासून मी फोन लावायला लागले. मशीन, मशीन, मशीन. एकीने उलट फोन करून सांगितलं, "सॉरी डिअर, डिसेंबर फुल आहे." दुसरी म्हणाली, "कधीपासून माहीत आहे तुला?" मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "ओह." त्या एका "ओह"ने मी रात्रभर जागी. सरकारी दवाखान्यात घेतातच प्रत्येकीला, रस्त्यावर नाही सोडत, हे मला कळत होतं. पण दर वेळी वेगळी बाई, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. "आधी कधी दिवस गेले होते का?" हो. "मग?" पुन्हा जिन्यात उभं राहायचं.

मेरेआनाचा नंबर शिल्पाने दिला होता, पण तो मी शेवटी ठेवला होता. तिने नाही म्हटलं तर पुढे कुणी उरणार नव्हतं. शिल्पा म्हणाली, "मी बोलू का तिच्याशी?" मी म्हटलं, "नको, मीच करते." आणि केलाच नाही.

अखेर एका दुपारी, रजा संपवून परतलेली डोना माझ्या टेबलापाशी आली. "तू आज तीनदा फोन उचलून खाली ठेवलास. जा, गाडीत बसून कर. मी बघते इथलं."

बाहेर पाऊस. डेपोच्या आवारात ट्रक मागे घेताना ती बीप-बीप चाललेली. मी काचा वर केल्या आणि नंबर लावला. रिंग वाजत राहिली. मशीनवर काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, नाव, तारीख, सॉरी.

"कियोरा, मेरेआना बोलतेय."

मशीन नव्हतं! मी इतकी दचकले की हॉर्नच दाबला गेला. मागे कुठेतरी एक अगदी ताजं बाळ रडत होतं. पाठ केलेलं सगळं उडालं. "हॅलो," मी म्हटलं, "मी... म्हणजे मला माहितेय फार उशीर झालाय..."

"तू शिल्पाच्या लोकांपैकी का?" तिने विचारलं. "बोलण्यावरून वाटलं."

"हो. पण तिने तुम्हाला काही..."

"कुणी काही सांगितलेलं नाही. तिसरा महिना नुकताच संपला, हो ना?"

मी मान हलवली, फोनवर!

"तुम्ही सगळ्या तेव्हाच फोन करता," मेरेआना म्हणाली. "म्हणून दर महिन्यातली एक जागा मी कुणाला देत नाही. हं, आता नाव सांग."