न वाजवलेली शिट्टी

आजवर कुणाला सांगितलं नाही. वडगाव विरुद्ध पिरनवाडी रस्सीखेचीत मी पंच होतो आणि शिट्टी मुद्दाम वाजवली नाही.

वडगावात माझा यंत्रमाग दुरुस्त करायला येणारे गृहस्थ पिरनवाडीचे. आधी डोळे मिटून मागाचा आवाज ऐकायचे, मगच पाना उचलायचे. “तुमी वडगावकरांनी साडीचा धागा ओढावा आप्पा, दोर आमच्यावर सोडा,” असं चिडवायचे. त्यांच्या संघात दोराच्या शेवटी तेच असत.

त्या दिवशी दोराला बांधलेला रुमाल त्यांच्या रेषेपलीकडे गेला. पिरनवाडी जिंकली होती. मी पाहिलं आणि गप्प राहिलो. खेच चालूच राहिली, शेवटी उभ्या त्या गृहस्थांचे तळहात सोलले, त्यांच्या हातून दोर सुटला. मी वडगावला विजयी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्ट्या बांधून ते माग बघायला आले.

“लई लागलंय?” मी विचारलं.

“ते बरं हुईल. आमची पोरं तुमच्यावर घसरली हुती. म्हटलं, आप्पा खोटं करायचे न्हाईत. दोर माझ्याच हातनं सुटला.”

तेव्हाही मी बोललो नाही. पुढच्या वर्षीपासून त्यांना संघात कुणी घेतलं नाही. माग ते अजून दुरुस्त करतात, चिडवत मात्र नाहीत.

पिरनवाडीच्या चौकात, त्या पोरांसमोर, खरं सांगण्याचं देणं मी त्यांना अजून लागतो.