कोमट पाण्यातला एक तास

माझी आत्या रुग्णालयाच्या धुलाईघरात तेवीस वर्षं काम करत होती. मी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. मी आत्या म्हणते म्हणून मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. सातवीत तिची शाळा सुटली होती, पण ‘असं का?’ विचारायची खोड मात्र सुटली नव्हती.

एकदा धुलाईघरात नवी पावडर आली. जुन्या पावडरीने बायकांच्या हातांची सालं निघायची आणि चादरी विरायच्या. नवीत निळे दाणे होते आणि पोत्यावर लिहिलं होतं, ‘रक्ताचे डाग सहज निघतात.’ प्रत्यक्षात ऑपरेशनच्या चादरी तपकिरी डागांसकट बाहेर यायला लागल्या.

“पाणी चांगलं उकळतं घ्या, पावडर दुप्पट टाका,” मुकादम म्हणाला.

तसं केलं, तर डाग आणखीच पक्के झाले. मेट्रन चादर हातात घेऊन खाली आल्या. “ही मी पेशंटखाली घालू?” मुकादमाने सरळ हात वर केले. “मॅडम, बायका हात चालवत नाहीत.”

ते आत्याला फार लागलं. पण ती भांडली नाही. त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी तिने एक चादर टबात कोमट पाण्यात पावडर घालून भिजवली, आणि जेवून येते तर डाग फिका पडलेला! घासलं कुणी नव्हतं.

ती तडक माझ्याकडे आली. “या पावडरीत आहे तरी काय?”

“एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. रक्तातली प्रथिनं कापून त्यांचे बारीक तुकडे करतं.”

“मग उकळल्यावर मरतं का ते?”

“ते जिवंत नसतं, आत्या. पण त्याचा आकार बिघडतो. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही ना, तसं.”

“पण उकळीने रक्तही कापडावर घट्ट बसत असणार. मग खोट कुणाची? डाग पक्का झाला, की पावडर निकामी झाली?”

इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मोडीत काढलेल्या, न उकळलेल्या एका डागाळलेल्या चादरीच्या तळहाताएवढ्या पट्ट्या कापल्या आणि हातमोजे घालून सहा वाडगे मांडले. एकात नुसतं कोमट पाणी. दुसऱ्यात एक चमचा पावडर आणि कोमट पाणी. तिसऱ्यात पावडरीचं पाणी आधी खळखळून उकळलं, कोमट होऊ दिलं आणि मग पट्टी टाकली. तासाभराने पाहिलं, तर दुसऱ्या वाडग्यातला डाग जवळजवळ गेलेला. तिसऱ्यातला मात्र पहिल्यातल्या नुसत्या पाण्यातल्यासारखाच राहिलेला. म्हणजे पट्टी उकळली नव्हती तरी डाग राहिला. पावडरच कामातून गेली होती.

चौथ्या वाडग्यात तिने पावडर घालून बर्फाचं पाणी घेतलं होतं. त्यात तासाभराने काहीच हललं नव्हतं. तोच वाडगा तिने बॉयलरजवळ नेऊन कोमट केला, तर डाग सुटायला लागला.

“गारठ्यात नुसती सुस्तावते,” ती मला सांगत होती, “उकळीत कायमची जाते. दोन्हीत केवढा फरक आहे बघ!”

उरलेल्या दोन वाडग्यांत तिने दोन चमचे आणि चार चमचे पावडर टाकली होती. दोन चमच्यांनी डाग एका चमच्यापेक्षा लवकर गेला. चारने मात्र दोनपेक्षा फारसा फरक पडला नाही. तिने घडी घालायच्या टेबलाकडे बोट दाखवलं. “एका चादरीला दोघी पुरतात. दहाजणी आल्या तर आठजणी धरणार काय? डाग तेवढाच आहे, जास्तीच्या पावडरीला काम कुठून मिळणार?”

मुकादम ऐकायला तयार नव्हता. “कोमट पाण्याने जंतू कोण मारणार?”

“उकळी द्या ना, पण नंतर. आधी तासभर कोमटात भिजू द्या.”

मेट्रन म्हणाल्या, “करून तर बघू.” चार दिवस चादरी पांढऱ्याशुभ्र आल्या. पाचव्या दिवशी तीन नंबरच्या मशीनमधून पुन्हा डाग घेऊनच बाहेर पडल्या.

“झालं! आत्याचं शास्त्र आटपलं,” मुकादम म्हणाला.

आत्याने थर्मामीटर लावला. पाणी बरोबर कोमट होतं. पावडर मोजली, तीही बरोबर. मग तिने टाकीवर वाकून वास घेतला आणि विचारलं, “या पाण्याला आंबूस वास का येतोय?”

झालं होतं असं, की पाणी वाचवायला मुकादमाने शेवटच्या खळबळणीचं पाणी पाइप लावून पुन्हा त्याच मशीनच्या भिजवणीला वळवलं होतं. कपड्यातला उरलासुरला साबण मारायला त्या पाण्यात आम्ल घालतात. मी लिटमसचा निळा कागद बुडवला, तो लगेच लाल झाला.

“तेवढ्याशा आंबटानं?” मुकादम चकित झाला.

आत्याला त्याला हिणवायचं सुचलंच नाही. तिला पुढचं पाहायचं होतं. तिने त्यातलं थोडं पाणी वाडग्यात घेऊन चिमूटचिमूट धुण्याचा सोडा घातला. कागद लाल व्हायचा थांबला, तशी नवी पट्टी टाकली. तासाभराने डाग विरळ झाला. पूर्ण नाही, पण झाला.

“उकळीतून परत येत नाही, आंबटातून येते. निदान थोडी तरी,” ती स्वतःशीच म्हणाली. मग मुकादमाकडे वळली. “तो पाइप तेवढा काढा. ते पाणी फरशीला वापरू.”

मुकादमाने पाइप स्वतः काढला आणि मेट्रनना जाऊन सांगितलंही की, बायकांचा दोष नव्हता. ते सांगताना त्याचे कान लाल झाले होते, असं मेट्रननी मला नंतर सांगितलं.

त्या आठवड्यात आत्या पुन्हा माझ्यासमोर हजर. “आपल्या पोटात तर आंबटच असतं ना? मग तिथे अन्न कोण तोडतं?”

“तिथलं एन्झाइम वेगळं. त्याला आंबटच लागतं. सोडा घातला की ते काम थांबवतं.”

“खोटं!”

“दाखवू?”

सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून मी तिला वर नेलं. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे दोन तुकडे दोन नळ्यांत टाकले. दोन्हींत पोटातलं ते एन्झाइम घातलं, एकीत आम्ल, दुसरीत सोडा, आणि दोन्ही अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात ठेवल्या. मी म्हटलं, “याला तीन-चार तास लागतील, आपण खाली चहा घेऊन येऊ.”

“तू जा,” आत्या म्हणाली. तिने चष्मा पुसला, स्टूल पुढे ओढलं आणि आम्लाच्या नळीतल्या तुकड्याच्या कडा विरघळतात का ते बघत बसली.