नेमणूक नसलेल्या माणसाचा राजीनामा

पत्रकार झाल्याचा पश्चात्ताप आमच्या तळोद्याच्या वार्ताहराइतक्या निष्ठेने करणारा माणूस साऱ्या नंदुरबार जिल्ह्यात सापडणार नाही. लोक सकाळी देवपूजा करतात, हा पश्चात्ताप करतो. बस स्टँडसमोर चहाचा पहिला घोट घेतला की जाहीर करतो, "आज राजीनामा दी टाकस!" चहावाला विचारतो, "कोनाले देशी भाऊ?" आणि तिथेच सगळे अडते. राजीनामा द्यायला आधी नेमणूक लागते, आणि आमच्या दैनिकाने याला कधी नेमलेच नाही. तो पहिली बातमी घेऊन नंदुरबारच्या कचेरीत आला तेव्हा जिल्ह्याचे पान मी लावत असे. "पाठवत जा," एवढेच मी म्हणालो. त्या दोन शब्दांवर त्याने जन्म काढला.

बातमीदाराला पगार द्यायचा नाही, जाहिरातीवर कमिशन द्यायचे, ही आमच्या धंद्याची थोर परंपरा. त्यामुळे हा आठवडाभर ज्यांच्याविरुद्ध लिही, त्यांच्याच ओट्यावर शनिवारी वाढदिवसाची जाहिरात मागायला बसे. नेतेही दिलदार. चहा पाजून म्हणत, "भाऊ, काल मस्त ठोकं तू आमले! आते फोटो मोठा टाकजो." कोणाच्या घरी पोराला पत्रकार करायचे घाटते आहे असे कळले, की हा बिनबोलावता जाऊन समजूत घाली. एका मुलीला म्हणाला, "बेटा, नर्स व्हय, तलाठी व्हय, कंडक्टर व्हय. कंडक्टरले निदान माहीत ऱ्हास, गाडी कथी जाई ऱ्हायनी." ती आता खरोखरच कंडक्टर आहे आणि याच्याकडून पूर्ण तिकीट घेते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तळोद्यात अजून म्हणतात की याने जाहिरात घेतली आणि पाड्याची बातमी गिळली. घडले ते असे. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीत घालून डोंगर उतरवले. कागदावर तिथे डांबरी रस्ता झालेला होता. हा झोळीबरोबर चालत आला, फोटो काढले आणि वाटभर सांगत राहिला, "उद्या पेपरात बघा." बातमी माझ्याकडे वेळेवर पोचली, चांगली होती. पण तो अंक तालुक्याच्या एका नेत्याच्या वाढदिवसाचा. जाहिराती यानेच आणलेल्या, आणि इतक्या मन लावून आणलेल्या की पानात बोट ठेवायला जागा उरली नव्हती. कोणाचा हुकूम नव्हता, कोणाचा फोन नव्हता. एक जाहिरात काढता आली असती. मी बातमी काढली. बाई आणि बाळ वाचले आहेत, मग घाई कसली, अशी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशीही लावली नाही, कारण तोवर कळले होते की तो कागदी रस्ता नेत्याच्याच माणसाने बांधला होता.

पाड्यावरची माणसे पेपर बघायला मुद्दाम तळोद्याला उतरली. एका म्हाताऱ्याने पान उलटसुलट करून पाहिले. जिकडेतिकडे हात जोडलेला नेता. त्याने विचारले, "भाऊ, यात आमची बाई कुठे?"

"जागा नव्हती," हा एवढेच म्हणाला. माझे नाव त्याने तेव्हाही घेतले नाही आणि पुढे शिव्या खातानाही नाही. मला फोनवर म्हणाला, "नाना, जाहिराती कमी आनाले पाहिजे व्हत्यात."

परवा तो माझ्या घरी आला. "नाना, 'पाठवत जा' तुमीच बोलनात ना? मंग राजीनामा बी तुमीच ल्या."

"आधी पाड्याची गोष्ट माझ्या नावानिशी लिहितो, मग घेतो."

तो चहा फुंकत म्हणाला, "जागा शे का?"

"हवी तेवढी आहे."

"मंग मन्हापासून नको. त्या बाईपासून सुरू करा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "कथं? कितला लोके शेतस? थांबा, मी इ ऱ्हायनू," म्हणत तो अर्धा चहा टाकून निघाला. मोटारसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

राजीनामा घ्यायचा राहिला. आणि बाईपासून सुरू करायचे होते, तर तिला मी पुन्हा खालीच ढकलले आहे. या वेळी तर जागाही होती.